संगणक घेताना आपण काय विकत घेतो?

शिवणयंत्राचे आयुष्य त्याच्या पोलादावर आणि ते वापरणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते. तेलपाणी वेळेवर होत गेले, तर आजीच्या यंत्रावर नातही बिनतक्रार शिवू शकते. पंखा, मिक्सर, पाण्याचा पंप यांचेही तेच. बिघडले की दुरुस्त करावयाचे आणि दुरुस्तीपलीकडे गेले की बदलावयाचे, हा साधा संसारी हिशेब आपण वर्षानुवर्षे करीत आलो आहोत. घरातील टेबलावरच्या संगणकाला मात्र हा हिशेब लागू पडत नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी अमेरिकेतील मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या आपल्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी सुरक्षेची नेहमीची विनामूल्य डागडुजी पुरविणे थांबविले. त्या दिवशी कोणाच्याही संगणकाचा पंखा थांबला नाही की कोणाचा पडदा काळा पडला नाही. आदल्या दिवशी होत असलेले काम दुसऱ्या दिवशीही होत राहिले. तरीही पुष्कळ कुटुंबांतील संगणकांचे भवितव्य त्या तारखेने ठरवून टाकले. विंडोज १० च्या मागून आलेली विंडोज ११ ही प्रणाली त्यांच्यावर रीतसर चढविता येत नाही. तिला टीपीएम नावाची सुरक्षेची चिप ठराविक आवृत्तीची हवी, प्रोसेसर कंपनीच्या मान्य यादीतला हवा. आणि त्या यादीत इंटेलचे प्रोसेसर साधारणपणे २०१७ च्या अखेरीपासूनचे आहेत. म्हणजे २०१६ साली चांगले पैसे मोजून आणलेले, आजही खडखडीत चालणारे यंत्र त्या यादीबाहेर राहते. आडवाटेने नवी प्रणाली चढविणारे हुशार लोक आहेत. परंतु तसे केल्यास पुढच्या डागडुजीची हमी आपण देत नाही, असे कंपनीने स्पष्ट केलेले आहे.

यंत्र धडधाकट, आणि तरीही मोडीत! असे का व्हावे? याचे उत्तर शोधू लागलो म्हणजे ध्यानात येते, की दुकानातून घरी येते ती पेटी हा खरेदीचा केवळ दिसणारा भाग होय. तिच्याबरोबर आपण एक समजूत विकत घेतलेली असते. यंत्र बनविणारा, ऑपरेटिंग सिस्टिम लिहिणारा आणि निरनिराळे प्रोग्रॅम लिहिणारे अशा तीन पक्षांमधील ही समजूत आहे. पेटीचे मोल या समजुतीमुळे आहे आणि ती कधी मोडावयाची, हे आपल्या हाती नाही.

या समजुतीला इंग्रजीत प्लॅटफॉर्म म्हणतात. हा शब्द मराठीत आणताना आम्हा अनुवादकांची मोठी पंचाईत होते. 'व्यासपीठ' म्हटले की हारतुरे आणि अध्यक्षांचे भाषण आठवते, 'मंच' म्हटले की नाटक, आणि 'फलाट' म्हटले की वाचकाला हसू येते. पण माझ्या मते या तिहींत फलाटच अर्थाच्या अधिक जवळचा. फलाटाची उंची, रुळांतील अंतर आणि डब्याची पायरी ही एकमेकांच्या मापाने बांधलेली असतात. एकाचे माप बदलले की उरलेली दोन निरुपयोगी. पंढरपूरला जाणारे जुने प्रवासी कुर्डुवाडीला मोठी गाडी सोडून बार्शी लाइट रेल्वेच्या छोट्या गाडीत बसत. माणसे तीच, वळकटी तीच, तरी रुळांतील अंतर निराळे म्हणून सारे बिऱ्हाड हलवावे लागे. संगणकाच्या जगात असे बिऱ्हाड कशामुळे हलवावे लागते ते पाहू.

पेटीच्या गाभ्याशी प्रोसेसर असतो. त्याला कळतात त्या फक्त अंकांच्या रूपातील ठराविक आज्ञा: ही संख्या उचल, तीत दुसरी मिळव, उत्तर अमुक जागी ठेव. प्रोसेसरांच्या प्रत्येक घराण्याची आज्ञांची यादी वेगळी असते. एका घराण्यात ज्या अंकाचा अर्थ 'मिळव' असा होतो, त्याच अंकाचा अर्थ दुसऱ्या घराण्यात भलताच काही असतो. या प्रोसेसरवर देखरेख करणारी ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे वाड्याचा कारभारीच म्हणा ना. पत्र लिहिण्याचा प्रोग्रॅम स्वतः छपाईयंत्राशी बोलत नाही; 'एवढे पान छापून दे' अशी मागणी तो कारभाऱ्याकडे करतो. तबकडीवर टिपण ठेवणे, पडद्यावर अक्षर काढणे, कळफलकावरची कळ ओळखणे, सारे त्याच्याच मार्फत. कारभारी बदलला की मागणी करण्याची रीतही बदलते. म्हणूनच विंडोजसाठी लिहिलेला प्रोग्रॅम त्याच यंत्रावर दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम बसविली, तर जसाच्या तसा चालत नाही.

तेव्हा प्रोसेसरचे घराणे आणि कारभारी, ही जोडी जमली की प्लॅटफॉर्म झाला, असे वाचकांना वाटेल. पाठ्यपुस्तकात बहुधा असेच लिहिलेले असते. परंतु इतिहास याहून थोडा गुंतागुंतीचा आहे.

आज ज्याला आपण 'पीसी' म्हणतो त्याचा जन्म १२ ऑगस्ट १९८१ चा. त्या दिवशी आयबीएम या बलाढ्य कंपनीने आपला पहिला पीसी न्यूयॉर्कमध्ये जाहीर केला. फ्लोरिडातील बोका रेटन येथे डॉन एस्ट्रिज यांच्या हाताखालील एका लहान तुकडीने तो साधारण वर्षभरात उभा केला होता. इतक्या थोड्या अवधीत सारे भाग घरी बनविणे शक्य नव्हते. म्हणून ते बाजारातून आणले. प्रोसेसर इंटेलचा ८०८८. ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची. आणि तीही मूळची मायक्रोसॉफ्टची नव्हे, सिॲटलच्या एका छोट्या कंपनीसाठी टिम पॅटरसन यांनी लिहिलेली प्रणाली मायक्रोसॉफ्टने विकत घेतली होती. हीच पुढे डॉस म्हणून प्रसिद्धीस आली. करार करताना मायक्रोसॉफ्टने एक हक्क मात्र आपल्यापाशी राखून ठेवला: ही प्रणाली इतर यंत्रनिर्मात्यांनाही विकण्याचा. पुढील चाळीस वर्षांचा इतिहास या एका कलमात दडलेला होता, असे म्हटले तरी चालेल.

आयबीएमने आणखी एक औदार्य दाखविले. जादा कार्डे बसविता यावीत म्हणून यंत्रात मोकळ्या खाचा ठेवल्या आणि यंत्राचे सारे विद्युत्‌नकाशे एका तांत्रिक पुस्तकात छापून विकावयास काढले. हेतू असा, की इतरांनी या यंत्रासाठी वस्तू बनवाव्यात. स्वतःपाशी राखले ते फक्त बायॉस. यंत्र सुरू होताच त्याला जागे करणारा आणि कारभाऱ्याच्या हाती सोपविणारा हा छोटासा प्रोग्रॅम चिपमध्ये कोरलेला असे. त्याची संहिताही त्या पुस्तकात छापलेली होती; पण लेखनहक्क आयबीएमचा.

आता टँडी या कंपनीची हकिकत पाहा. टेक्ससमधील या कंपनीची रेडिओशॅक नावाची दुकाने अमेरिकेत गावोगाव होती. १९८३ च्या अखेरीस तिने टँडी २००० हा संगणक काढला. त्यातला प्रोसेसर इंटेलच्याच घराण्यातला, ८०१८६, आयबीएमच्या यंत्राहून कितीतरी वेगवान. पडद्यावरची चित्रे अधिक रेखीव. कारभारी तोच, मायक्रोसॉफ्टचा डॉस. कागदावर पाहता आयबीएमहून सरस माल! तरीही तो यशस्वी झाला नाही. कारण त्या काळी ज्या प्रोग्रॅमसाठी लोक संगणक घेत असत, तो लोटस १-२-३ हा हिशेबाचा प्रोग्रॅम या यंत्रावर जसाच्या तसा चालेना.

का चालेना? तर तो प्रोग्रॅम कारभाऱ्याला विचारीतच नव्हता! डॉसच्या मार्फत पडद्यावर आकडे लिहिणे फार संथ होई. म्हणून लोटसच्या लेखकांनी आयबीएमच्या यंत्रात पडद्यासाठी राखून ठेवलेल्या मेमरीच्या जागी थेट आकडे लिहून टाकण्याची युक्ती केली. टँडीच्या यंत्रात पडद्याची व्यवस्था निराळी होती. वाड्याच्या मागील दाराची वाट ठाऊक असलेला गडी नव्या वाड्यात गेला आणि भिंतीवर आदळला, तशी गत झाली. काही प्रोग्रॅमांच्या खास टँडीसाठी आवृत्त्या निघाल्या. पण दर नव्या प्रोग्रॅमसाठी अशी वाट पाहत कोण बसणार? त्या काळी यंत्र आयबीएमसारखे आहे की नाही हे ठरविण्यासाठी जाणकार त्यावर दोनच गोष्टी चालवून पाहात: लोटस १-२-३ आणि मायक्रोसॉफ्टचा विमान उडविण्याचा खेळ. दोन्ही चालली तर यंत्र उत्तीर्ण. लेखी करारात काय आहे याला महत्त्व उरले नव्हते. वहिवाटीने जे पडून गेले होते तोच कायदा.

ह्यूस्टनच्या कॉम्पॅक कंपनीने हे अचूक ओळखले. तिच्या अभियंत्यांच्या एका गटाने आयबीएमच्या बायॉसचा अभ्यास करून तो काय काय करतो एवढेच लिहून काढले. ज्यांनी ती संहिता कधीही पाहिली नव्हती अशा दुसऱ्या गटाने त्या वर्णनावरून नवा बायॉस लिहिला. लेखनहक्काचा भंग नाही आणि वागणूक मात्र हुबेहूब! नोव्हेंबर १९८२ मध्ये कॉम्पॅकचा हातात धरून नेता येणारा (आणि नेणाऱ्याचा खांदा उतरविणारा) संगणक जाहीर झाला. १९८३ या पहिल्या वर्षात कंपनीने ११ कोटी १० लाख डॉलरांची विक्री केली. पुढे फिनिक्स कंपनी असाच बायॉस मागेल त्याला विकू लागली आणि १९८४ नंतर आयबीएमसारखी यंत्रे बनविणाऱ्यांचे पीकच आले.

आयबीएमला आपली चूक उमगली तेव्हा वेळ निघून गेली होती. १९८७ साली तिने पीएस/२ ही नवी मालिका काढली व तिच्या खाचांची रचना बदलून ती वापरणाऱ्यांकडून शुल्क मागितले. उत्तरादाखल पुढच्या वर्षी कॉम्पॅकच्या पुढाकाराने नऊ कंपन्यांनी जुन्या कार्डांना सामावून घेणारी स्वतःची रचना जाहीर केली. ज्याने फलाट बांधला त्यालाच आता फलाटाची उंची बदलता येईना. २००५ साली आयबीएमने आपला पीसीचा धंदा चीनच्या लेनोव्हो कंपनीला विकून टाकला.

इंटेललाही हाच अनुभव यावयाचा होता. २००१ साली तिने ह्यूलेट-पॅकार्डच्या साहाय्याने इटेनियम हा सर्वस्वी नव्या आज्ञांचा प्रोसेसर बाजारात आणला. जुने प्रोग्रॅम त्यावर रडतखडत चालत. २००३ मध्ये एएमडी या प्रतिस्पर्ध्याने जुन्याच आज्ञांच्या यादीला ६४ बिटांची जोड दिली; जुने प्रोग्रॅम पूर्ववत चालत राहिले. ग्राहकांनी कौल दिला, आणि २००४ पासून खुद्द इंटेलने एएमडीची वाट धरली. आज आपल्या टेबलावरचा विंडोजचा संगणक बहुधा याच संकरित घराण्यातला असतो.

आयबीएमच्या त्या मोकळ्या खाचांनी आपल्या भाषेवरही एक उपकार केला आहे, तो येथे नमूद केला पाहिजे. डॉसला देवनागरी ठाऊक नव्हती; ना तमिळ, ना बंगाली. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅक या संस्थेत वाढलेले जिस्ट नावाचे तंत्र कार्डाच्या रूपाने या खाचेत बसविता येई. आणि मग त्याच डॉसवर, त्याच पडद्यावर भारतीय लिप्या उमटत. कारभाऱ्याला जी लिपी येत नव्हती ती यंत्रात बसवून भागविली! परंतु नव्वदीच्या दशकात विंडोज आली, कार्ड मागे पडले, आणि फॉन्ट विकणाऱ्या निरनिराळ्या कंपन्यांनी रोमन अक्षरांच्या जागी आपापल्या मनाने देवनागरी आकार बसविले. त्याचे परिणाम आम्ही मराठी मजकुरावर काम करणारे लोक अजून भोगतो आहोत. पंचवीस वर्षांपूर्वीची एखादी फाइल उघडावी, तर कथेच्या जागी इंग्रजी अक्षरे, कंस आणि प्रश्नचिन्हे यांचा शिमगा! विंडोज २००० पासून युनिकोडच्या आधारे खुद्द ऑपरेटिंग सिस्टिमलाच देवनागरी येऊ लागली, तेव्हा कोठे इंदूरहून लिहिलेले पत्र बंगळूरच्या यंत्रावर निर्धास्तपणे वाचता येऊ लागले. आपल्या घरी तशा जुन्या फॉन्टातील वंशावळी, कविता किंवा संस्थेचे अहवाल पडून असतील, तर ते युनिकोडमध्ये आणून ठेवण्याचे काम पुढे ढकलू नये. रूपांतर करणारे प्रोग्रॅम आज उपलब्ध आहेत. ते उद्याच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतीलच, असा भरवसा कोणी द्यावा?

ॲपलची रीत याहून निराळी. तिचा मॅकिंटॉश १९८४ च्या जानेवारीत आला. यंत्रही तिचे आणि प्रणालीही तिचीच. दोन्ही एका हाती असल्यामुळे तिने तीनदा बिऱ्हाड हलविले: १९९४ साली मोटोरोलाच्या जुन्या घराण्यातून पॉवरपीसीकडे, २००६ मध्ये इंटेलकडे आणि २०२० मध्ये आर्म घराण्यातील स्वतःच्या प्रोसेसरकडे. दर खेपेस जुने प्रोग्रॅम नव्या यंत्रावर चालावेत म्हणून तिने एक दुभाष्या नेमला. २००६ च्या दुभाष्याचे नाव रोझेटा, इजिप्तमध्ये सापडलेल्या त्या प्रसिद्ध शिलालेखावरून ठेवलेले. अनुवादाच्या धंद्यातील माणसाला हे नाव वाचून साहजिकच बरे वाटते. परंतु २०११ च्या प्रणालीतून रोझेटाला निरोप देण्यात आला आणि त्याच्या आधारावर असलेले प्रोग्रॅम एका रात्रीत मुके झाले. २०२५ मध्ये कंपनीने जाहीर केले, की त्या वर्षीची तिची प्रणाली इंटेल प्रोसेसरच्या मॅकसाठी शेवटचीच होय. असे मॅक २०२३ पर्यंत विकले जात होते.

म्हणजे एका पद्धतीत कोणीच एकटा मालक नाही, म्हणून बदल संथ आणि ओझे जुने. दुसरीत मालक एक, म्हणून बदल झपाट्याने आणि जुन्याची माया कमी. ज्या घरात हिशेबाचे किंवा धंद्याचे प्रोग्रॅम दहा-दहा वर्षे चालवावयाचे असतात, तेथे पहिली पद्धत मला अधिक सोयीची वाटते. तथापि विंडोज ११ च्या अटी पाहिल्या म्हणजे पहिल्या पद्धतीतही मालकी हळूहळू एका हाती येत चालली आहे की काय, अशी शंका येते.

मग त्या २०१६ सालच्या यंत्राचे करावयाचे काय? नावनोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव मुदत देऊ केली. तो तात्पुरता टेकू झाला. डागडुजीविना राहिलेली प्रणाली चालत राहते खरी. परंतु तिच्यातील नवनवी भोके चोरांना कळत जातात आणि बुजविणारा कोणी नसतो. अशा यंत्रावरून बँकेचे व्यवहार करणे म्हणजे कडी मोडलेल्या दारामागे दागिने ठेवणे होय. जाळ्याला न जोडता केवळ लेखनासाठी ते वापरावे, हा एक मार्ग. दुसरा मार्ग कारभारी बदलण्याचा.

१९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने आयबीएमच्याच धाटणीच्या घरगुती यंत्रावर लिनक्स लिहावयास प्रारंभ केला. त्याची संहिता सर्वांना खुली असल्यामुळे एखाद्या कंपनीने तारीख ठरवून सर्वांचीच डागडुजी बंद करावी, असे तेथे सहसा होऊ शकत नाही. आपल्याकडे सी-डॅकने २००७ साली बॉस नावाची लिनक्सची भारतीय आवृत्ती काढली, आणि केरळच्या सरकारी शाळांतील मुले गेली अनेक वर्षे लिनक्सवरच संगणक शिकत आहेत. आठ-दहा वर्षांचे यंत्र लिनक्सखाली बहुधा उत्तम चालते. अडचण आहे ती वहिवाटीची. धंद्याचा हिशेब टॅलीवर असेल, तर तो विंडोजसाठी लिहिलेला आहे हे विसरू नये. छपाईयंत्र जुने किंवा अगदी नवे असेल, तर त्याची लिनक्सशी ओळख आहे की नाही हे आधी पाहावे. उलटपक्षी रेल्वेचे तिकीट, विजेचे देयक, बँक, डिजिलॉकर ही कामे आता ब्राउझरमधून होतात आणि ब्राउझर सगळ्याच कारभाऱ्यांपाशी असतो. पुष्कळ घरांत संगणकाचे काम एवढेच असते.

नवा संगणक घेणाऱ्यांनी दुकानदाराचा क्रम उलटा करावा, असे सुचवावेसे वाटते. दुकानदार प्रोसेसरपासून सुरुवात करतो. आपण कामापासून करावी: कोणते काम, त्यासाठी कोणता प्रोग्रॅम, तो कोणत्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतो, तिची डागडुजी कोणत्या सालापर्यंत मिळणार, आणि सर्वांत शेवटी पेटी. विंडोजचे काही नवे संगणक आता आर्म घराण्यातील प्रोसेसरवरही मिळतात. जुने बहुतेक प्रोग्रॅम त्यांच्यावर दुभाष्यामार्फत चालतात. परंतु छपाईयंत्र किंवा स्कॅनर यांना जोडणारे ड्रायव्हर त्याच घराण्यासाठी लिहिलेले असावे लागतात. घरी जुने स्कॅनर असल्यास हा प्रश्न पैसे देण्यापूर्वी विचारावा.

लिनक्स वापरून पाहण्यासाठी मूळ प्रणाली पुसण्याची गरज नाही. पेन ड्राइव्हवर ती चढवून, संगणक तिच्यावरून सुरू करता येतो. आतील तबकडीला हात लागत नाही आणि पेन ड्राइव्ह काढून यंत्र पुन्हा सुरू केले की जुना कारभारी आपल्या जागी हजर. तरीदेखील घरातील छायाचित्रे आणि कागदपत्रे आधी दुसरीकडे उतरवून ठेवावीत. मग एक संध्याकाळ काढून आवाज, वायफाय आणि छपाईयंत्र चालते का ते तपासावे. आणि चार ओळी मराठीत लिहून पाहाव्यात. इन्स्क्रिप्टचा कळफलक १९८६ सालीच सर्वांसाठी एक ठरलेला असल्यामुळे विंडोजवर ज्या कळीवर 'क' होता, त्याच कळीवर तो येथेही सापडेल.